दूध सोडवायचा महिना

दाराची कडी हलली. खुट्ट. मग थोडं थांबून पुन्हा खुट्ट.

त्याआधी खोलीत अगदी शांत होतं. लॅपटॉपच्या पडद्यावर तिघं जण माझ्या उत्तराची वाट बघत होते आणि मी खालचा ओठ चावत बसले होते. प्रश्न सोपा होता, तीच पंचाईत होती. काचेवर थर एकसारखा बसला नाही, मध्येच बारीक भोकं पडली, तर सगळ्यात आधी काय तपासाल? डोक्यात पाठ केलेली समीकरणं एकमेकींना ढकलत होती. बाहेर माझी मुलगी कडीला लटकली होती आणि सासूबाई तिला दबक्या आवाजात केळ्याची लालूच दाखवत होत्या, हेही त्याच कानांना ऐकू येत होतं.

"काच," मी म्हणाले. "काच नीट धुतली होती का, ते आधी बघेन. बाकी सगळं नंतर."

मधल्या चौकटीतल्या मॅडम पहिल्यांदा हसल्या. हे घरात शिकलात की कॉलेजात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन्हीकडे. तेलकट ताटावर साधं पाणीसुद्धा धड पसरत नाही.

जाहिरात मी ओल्या हातांनी मोबाइलवर वाचली होती. पातळ थरांच्या सोलर सेलवर पीएच.डी.साठी एक जागा. छपरांवर दिसतात ते जाडजूड काळे-निळे पत्रे वेगळे. हे सेल म्हणजे काचेवर केसाच्या शंभराव्या भागाइतका थर, आणि तेवढ्याशा थराने ऊन पकडायचं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी असे थर केले होते. मग लग्न, मग शाळेत अर्धवेळ शिकवणं, मग मुलगी. ती जाहिरात वाचल्यापासून मला धड बसवत नव्हतं. धुतलेले कपडे पुन्हा भिजत टाकत होते, चहात साखर दोनदा पडत होती. सासूबाईंनी एकदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

मुलाखत संपत आली तेव्हा मॅडमनी चष्मा काढला. आता विचारते ते निवडीसाठी नाही, म्हणाल्या, निवड झाल्यासारखीच आहे. पण आमच्या थरात शिसं असतं. अंगात गेलं की सहजासहजी निघत नाही, आणि आईच्या अंगातून ते दुधात उतरतं. त्यामुळे पोटुशी बाई किंवा अंगावर पाजणारी बाई थर करायच्या खोलीत पाऊल टाकत नाही. तुमची मुलगी केवढी आहे?

पावणेतीन वर्षांची, मी म्हटलं. आणि अजून पिते. दुपारी झोपताना आणि रात्री.

बाजूच्या चौकटींमधल्या दोन्ही सरांना एकदम समोरचे कागद फार महत्त्वाचे वाटू लागले. मॅडम मात्र माझ्याकडेच बघत होत्या. पहिलं वर्ष कॉम्प्युटरवर काम करता येईल, त्या म्हणाल्या, थराचं गणित मांडायचं, त्याला शिसं लागत नाही. फक्त मग ग्लव्ह बॉक्सवरची, म्हणजे थर करायच्या बंद पेटीवरची, जागा दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल. पेटी एकच आहे आणि मागे रांग आहे. घाई नाही, विचार करून कळवा.

"महिन्याभरात सोडवते," मी म्हणाले.

इतकं चटकन म्हणाले की माझी मलाच लाज वाटली. आणि लाजेच्या आत कुठेतरी उकळी फुटावी तसा आनंद झाला होता, तो काही केल्या दाबता येईना.

माझी मुलगी खाऊ गालात साठवून ठेवते. म्हणून आधी खार, मग खारूताई, आणि आता नुसती खारू. मी दार उघडलं तेव्हा तिच्या दोन्ही गालांत केळं होतं. तसंच तिने माझ्या गळ्याशी तोंड नेलं.

घरात सगळ्यांना बातमीचा आनंद झाला, आणि दूध सोडवणार याचा त्याहून जास्त. सासूबाई कधीपासूनच म्हणत होत्या की ही शाळेत जायला लागली की डब्यात आईच द्यावी लागणार. त्यांनी उपाय सांगायला सुरुवात केली. कडू काहीतरी चोळ. काजळ फास आणि बागुलबुवा बसलाय म्हण. काऊने नेलं म्हण, सगळ्यांत सोपं ते. नवऱ्याने जेवता जेवता फक्त मान हलवली. तो लिफ्टा दुरुस्त करतो. वर जाणारं आणि खाली येणारं सगळं आपोआप मार्गी लागतं अशी त्याची श्रद्धा आहे. सूर्य अजून पाचशे कोटी वर्षं आहे म्हणे, तो म्हणाला, महिनाभर इकडे-तिकडे झालं तर चालेल की त्याला.

"मी कधी अडवलंय तुला?" तो वर म्हणाला.

"अडवलं नाहीस. पण सुट्टीच्या दुपारी तिला झोपवायचं आता तुझ्याकडे."

त्याने ताटातून मान वर केली. "त्यापेक्षा बंद पडलेली लिफ्ट दे. ती रडत तरी नाही."

काऊने नेलं, हे मात्र मी म्हणणार नव्हते. आपण फिजिक्सवाले, पोरीला काऊ-चिऊच्या थापा मारायच्या नाहीत, हे मी तिच्या जन्माआधीच घरात जाहीर करून टाकलं होतं. चंद्र आपल्या मागे मागे का येतो हेसुद्धा मी तिला खरंखुरं सांगितलं होतं, तो किती लांब आहे वगैरे. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग चंद्राला टाटा केला. त्यामुळे हेही मी खरंच सांगायचं ठरवलं. तिला समोर बसवलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"आई नव्या कामाला जाणार आहे. तिथे एक पावडर असते. पिवळी. ती बाऊ आहे, पोटात गेली की दुखतं. आईच्या दुधात ती गेली तर खारूच्या पोटात जाईल. म्हणून आता दूध बंद करायचं."

खारूने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे पाहिलं. "पिवली?"

"हो, पिवळी."

"आत्ता आहे?"

"आत्ता नाही गं. कामाला गेल्यावर."

"मग आत्ता दे," ती म्हणाली.

मी पदर बाजूला केला. स्वयंपाकघरातून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. "घ्या. हरल्या सायंटिस्ट."

पण मी हट्ट सोडला नाही. रोज सांगत राहिले. पावडर, बाऊ, पोट, दूध. ती रोज ऐकत राहिली. रात्रीचं पिणं त्यामानाने लवकर सुटलं, कारण तिच्या बाबाला एक युक्ती सापडली. तो तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरायचा आणि एकेक मजला पुकारायचा. दुसरा मजला, कपडे वाळत घालायची जागा. तिसरा मजला, आजी. चौथ्या-पाचव्यापर्यंत तिचे डोळे मिटायचे. अवघड होती ती दुपार. दुपारी तिला तीच हवी असायची, तीच कूस, तोच वास. आणि मला तरी दुसरं काय हवं असायचं? त्या वेळी माझी छाती दगडासारखी व्हायची, दंड उचलला तरी कळ यायची. मी घरात असले तर दोघींचंही काही खरं नव्हतं. म्हणून सासूबाई मला बाहेर हाकलायच्या.

जायचं कुठे, हे मला कळायचं नाही. मी इमारतीला फेरे मारायची. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन घरात असलेलंच मीठ पुन्हा घ्यायची. पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवर बोट फिरवून धुळीचा थर बघायची; किती असमान, किती जाड, म्हणून मनातल्या मनात मार्क द्यायची. वरच्या खिडकीतून खारूचं रडणं खाली रस्त्यावर यायचं. त्यात 'आई' हा शब्द असायचा तेव्हा सोसायचं. नुसतं रडणं असायचं ते सोसायचं नाही. मग मी रस्ता ओलांडून पलीकडे जायची, तिथे गाड्यांचा आवाज मोठा होता.

एकदा परत आले तर घर चिडीचूप. आत डोकावले. खारू झोपली होती, मध्येच झोपेत हुंदका देत होती, आणि तिचा हात सासूबाईंच्या ब्लाउजच्या गळ्यातून आत गेलेला होता. त्या अंग चोरून उताण्या पडल्या होत्या. मला बघून ओशाळल्या, आणि डोळ्यांनीच खुणावलं, हालू नकोस, आवाज करू नकोस.

संध्याकाळी भाजी निवडताना त्या आपणहून बोलल्या. ह्याच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, वेळी त्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होत्या. बाळंतपणाची रजा संपली, दूध तोडावं लागलं. तेव्हा ह्याला धड बसताही येत नव्हतं.

"फार रडला का हो?" मी विचारलं.

"तो नाही," त्या म्हणाल्या. आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडायला लागल्या.

महिना संपत आला तशी खारूने मागणं सोडलं. एका दिवसात नाही. आधी मागून गप्प बसायची, मग नुसतं बघायची, मग एका दुपारी स्वतःच उशी घेऊन आजीकडे गेली. मला वाटलं होतं हलकं वाटेल. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि उगाच बादली घासत बसले.

कामावर पहिल्या दिवशी मॅडमनी नियम सांगितले. आतले बूट आत, बाहेरचे बाहेर. आतल्या खोलीत खायचं नाही, प्यायचं नाही, केसांना हात लावायचा नाही. घरी गेल्यावर मुलीला जवळ घ्यायच्या आधी आंघोळ, आणि त्या कपड्यांची बादली वेगळी. त्या स्वतः अशाच एका खोलीत शिकल्या होत्या.

"माझ्या वेळी हे कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "मी मुलाला पाजून यायचे आणि परत जाऊन पाजायचे. तो आता माझ्यापेक्षा उंच आहे, काही झालेलं नाही. तरी तो साधा परीक्षेत नापास झाला की मला शिसं आठवतं."

ग्लव्ह बॉक्स म्हणजे काचेची मोठी बंद पेटी. आत साधी हवा नाही, कारण हवेतल्या ओलाव्याने आमचा थर नासतो. पेटीला दोन जाड रबरी हातमोजे बसवलेले असतात. बाहेरून त्यांत खांद्यापर्यंत हात घालायचे आणि आत काम करायचं. पिवळ्या द्रावणाचा थेंब काचेवर सोडायचा, काच गरगर फिरवायची म्हणजे थेंब पसरतो, मग गरम पट्टीवर ठेवायची. पिवळं बघता बघता तपकिरी होतं, मग काळं. आमचा सीनियर, हा मुलगा इथे इतकी वर्षं आहे की पहारेकरी त्यालाच चाव्या देतात, तो म्हणाला, मोज्यात हात गेले की नाक खाजायला लागतं आणि नाक खाजलं की हात काढावेसे वाटतात. हात काढलेत की थर गेला. बाकी सगळं पुस्तकात आहे.

पहिला आठवडा थर गढूळ येत राहिले. दम लागलेल्या माणसाने आरशावर श्वास टाकावा तसे. काचा पुन्हा पुन्हा धुतल्या, हात थरथरतो म्हणून कोपर टेकवायला शिकले. आणि मग एका दुपारी थेंब सुरेख पसरला. काच गरम पट्टीवर ठेवली आणि मी श्वास रोखून बघत राहिले. कडेने रंग चढायला लागला.

बरोबर त्या वेळी मला पान्हा फुटला.

का, ते मला कळलं नाही. कोणी रडलं नव्हतं. दुपारची वेळ होती, एवढंच. खारूच्या झोपायची वेळ. मी घड्याळ विसरले होते, अंग विसरलं नव्हतं. दोन्ही हात खांद्यापर्यंत पेटीत अडकलेले, समोर काच काळी होत चाललेली, आणि छातीवर ओल पसरत चाललेली. आधी ब्लाउज, मग एप्रन. मला ती ओल दिसत होती आणि मला हात काढायचे नव्हते.

सीनियरने वळून पाहिलं. एप्रनवरचा डाग बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. अंगावर द्रावण सांडलं, असं त्याला वाटलं. त्या खोलीत कोणाला दुसरं काही वाटणार? त्याने धावत येऊन माझे खांदे धरले, हात ओढून बाहेर काढले आणि कोपर धरून मला कोपऱ्यातल्या शॉवरखाली नेऊ लागला. अंगावर काही सांडलं तर कपड्यांसकट त्याखाली उभं राहायचं असतं. बरा मुलगा. एका हाताने मला धरून दुसऱ्या हाताने तो साखळी शोधत होता, कुठल्या बाटलीतलं ते विचारत होता, डोळ्यात गेलं का विचारत होता.

"ते दूध आहे," मी म्हणाले.

त्याचा हात साखळीवर तसाच राहिला. मग त्याने साखळी हळूच सोडली, माझं कोपरही सोडलं, सॉरी म्हणाला, आणि कुठे बघावं ते न कळून पेटीकडे बघू लागला. मीही पेटीकडे पाहिलं. तोवर काच पट्टीवर जास्त वेळ राहिली होती. काळा थर कडेने परत पिवळा पडत होता. नासला की तो असाच मूळ रंगावर येतो.

आवाज ऐकून मॅडम आल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि खुंटीवरचा स्वतःचा एप्रन काढून दिला. आठ-दहा दिवसांत आटेल, म्हणाल्या, दुपारची थोडी बाहेर जाऊन बस हवं तर. मी म्हटलं, नको, दुपारीच पेटी मोकळी असते. सीनियरने त्या दिवसापासून दुपारी मला चहा आणून द्यायला सुरुवात केली, आणि दाराबाहेरच्या टेबलावर तो ठेवून जायचा.

घरी गेल्यावर आंघोळ, हा नियम खारूने माझ्यापेक्षा कडक पाळला. पहिल्या दिवशी ती धावत आली आणि मी ओरडून थांबवलं, थांब, आई धुऊन येते. तेव्हापासून ती धावत येत नाही. मी दारात बूट काढते तेव्हा ती दोन हात मागे उभी असते, बाहुली पोटाशी धरून, आणि आजीला सांगते, आजी, आई आली, हात नको लावू. सासूबाई बिचाऱ्या खरंच हात मागे घेतात. मग मी न्हाणीघरात जाते आणि ती दाराबाहेर बसून राहते. पाण्याचा आवाज थांबला की विचारते, झाली?

मग एके दिवशी दुपारी थर जमला.

कसा जमला ते अजूनही नीट सांगता येणार नाही. काच तीच, थेंब तोच. पण पट्टीवर पिवळ्याचं काळं झालं ते एका दमात, कडेपासून मध्यापर्यंत, आणि मग तो काळा चमकायला लागला. गढूळपणा नाही, भोक नाही. सीनियरने तो उजेडात तिरपा धरला, पलटून धरला, आणि म्हणाला, घ्या, आता तुम्हालाही पहारेकरी चाव्या देणार. अंग त्या दुपारी कोरडं होतं, हे मला संध्याकाळी बसमध्ये आठवलं. दुपारभर मला त्याची आठवणही झाली नव्हती.

मी जिने एकावेळी दोन-दोन चढले. दारात बूट काढताना मी गुणगुणत होते, असं सासूबाई म्हणाल्या. आंघोळ केली, ओल्या केसांनी बाहेर आले, तर खारू दारातच बसलेली. मी तिला उचलून घेतलं आणि गोल फिरवलं. ती हसली नाही. फिरवणं थांबल्यावर तिने माझा एक हात धरला, उलटा केला, तळवा बघितला. मग दुसरा. बोटांच्या बेचक्यांत बघितलं, नखांत बघितलं. मग हात नाकाशी नेऊन हुंगला.

"आज पण बाऊ होती?"

"होती. पण मला नाही लागली."

"लागली असती तर?"

"नाही लागत गं. आई जाड हातमोजे घालते."

तिने मान हलवली. माझ्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं, ते तिने नीट निरखून पाहिलं. मग माझे दोन्ही गाल तळव्यांत धरले, सांगायचं असलं की मी तिचे धरते तसे.

"आई, तिथे बाऊ आहे, तर तू का जाते?"